मोरिवाकीसाहेब आणि टोमॅटोचं पाणी

टोमॅटोच्या डब्यात टोमॅटो असतात एवढं मोरिवाकीसाहेबांना ठाऊक होतं. त्या टोमॅटोंच्या भोवती पाणीही असतं, ही गोष्ट मात्र जगानं त्यांच्यापासून आजवर लपवून ठेवली होती. आयुष्यभर व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत खरेदी खात्याचे प्रमुख म्हणून मिरवलेला माणूस. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध "चहा!" एवढं ओरडण्यापुरता. आणि ओरडायला आत कशाला जायला हवं? ते बाहेरूनच ओरडत.

आता ओरडून काही मिळणार नव्हतं, कारण बायको मात्सुमोतोला गेली होती.

फुमिएबाईंची थोरली बहीण सेत्सुकोताई तिथं प्रवाशांसाठी छोटंसं उतारगृह चालवते. चार खोल्या, दोन वेळचं जेवण, मागे गरम पाण्याचा हौद. ताईंचे गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी धाकटीला गळ घातली, की बर्फ वितळलं की ये, थंडी पडेपर्यंत माझ्याकडेच राहा, दोघी मिळून रेटू. फुमिएबाईंनी नवऱ्याला सांगितलं ते असं:

"अहो, आठवडाभर जाऊन बघते. तुम्ही इथं एकटे राहून बघा. तुमचं नीट निभलं तर ताईला हो म्हणेन. नाही निभलं, तर मग राहिलं."

यातली गोम कुठल्याही शहाण्या माणसाच्या ध्यानात आली असती. पास झालात की बायको अर्धं वर्ष गेली. नापास झालात की ती घरात राहिली. शहाण्या माणसानं पहिल्याच दिवशी भात करपवला असता, बोट कापून घेतलं असतं, आणि मात्सुमोतोला फोन लावून कण्हायला सुरुवात केली असती. पण मोरिवाकीसाहेबांना समोर परीक्षा दिसली की पास व्हायचं, एवढी एकच गोष्ट येते. शिवाय 'नाही निभलं' हे शब्द त्यांना फार झोंबले. ज्या माणसानं एका वेळी तीन कारखान्यांचा माल हलवला, त्याला एक घर निभणार नाही?

"तू खुशाल जा," ते म्हणाले. "इथली अजिबात काळजी करू नकोस."

ती गेली. संध्याकाळी साहेबांनी सवयीनं "चहा!" म्हणून हाक मारली, आणि घर इतकं गप्प राहिलं की ते स्वतःच दचकले. घर खायला उठलं होतं. पण हे ते कुणाला सांगणार? त्यांनी उठून स्वतः चहा केला, वाईट केला, आणि चांगला झालाय असं समजून प्यायला.

टोमॅटो घरात आले कसे, तेही सांगायला हवं, कारण त्यात साहेबांच्या मानाचा प्रश्न आहे. साहेब खुर्चीवर होते तेव्हा वर्षअखेरीला भेटींचा ढीग लागायचा. सॅमन माशाची अंडी, खारवलेला अख्खा हॅम, एकदा तर खेकडे. निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी खेकडे थांबले. दुसऱ्या वर्षी हॅम थांबला. यंदा एकट्या हिरुकावाची भेट आली. हा हिरुकावा त्यांच्या हाताखाली कागद लावता लावता मोठा झालेला. आणि त्यानं काय धाडलं, तर इटलीच्या टोमॅटोंच्या डब्यांचं खोकं. खेकड्यांवरून टोमॅटोवर! साहेबांनी ते खोकं जिन्याखाली ढकललं होतं. पण आता बायको नाही म्हटल्यावर त्यांना त्या डब्यांची आठवण झाली.

टीव्हीवर एक गोरागोमटा स्वयंपाकी कोंबडीचा रस्सा करून दाखवत होता. "टोमॅटो चाळणीत ओता आणि पाणी पूर्ण निथळू द्या," तो म्हणाला, "नाहीतर रस्सा पांचट होईल." वरिष्ठानं सांगितलेलं शब्दशः करायचं हे साहेबांच्या रक्तातच. त्यांनी निथळलं. वर पळीनं दाबून आणखी निथळलं. रस्सा बरा झाला. खाली वाडगाभर लाल पाणी उरलं.

साहेब त्या वाडग्याकडे बघत उभे राहिले. ओतून द्यावं? छे! फुमिएबाईंच्या घरात काही वाया जात नाही. मुळ्याच्या साली तेलावर परतल्या जातात, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जातं, आंघोळीच्या टबातलं पाणी दुसऱ्या दिवशी नळीनं ओढून कपडे धुवायला वापरलं जातं. या घरात काही फेकणं म्हणजे नापास होणं. शिवाय मोरीत रंगीत काही ओतू नये अशी गल्लीत मागे सूचना फिरली होती. तेव्हा साहेबांनी, जबाबदार नागरिक करतो तेच केलं. त्यांनी नगरपालिकेला फोन लावला.

"कचरा विभाग, बोला."

"टोमॅटोच्या डब्यातलं पाणी कोणत्या वारी टाकायचं?"

"डबा धातूचा कचरा उचलतात त्या वारी. धुऊन, पारदर्शक पिशवीत."

"डबा नाही हो. पाणी."

"पाणी हा कचरा नाही, साहेब."

"त्यात टोमॅटोचा अंश आहे."

"मग ओला कचरा. पण ओल्या कचऱ्यातलं पाणी आधी पिळून काढावं लागतं."

"अहो, हे ते पिळून काढलेलंच पाणी आहे!"

मग त्या माणसानं अत्यंत अदबीनं फोन सांडपाणी विभागाला जोडून दिला. तिथली बाई आणखीच अदबशीर होती.

"मोरीत अन्न ओतू नये असं आमचं आवाहन आहे. हे अन्न आहे का?"

"तेच मला कळत नाहीये."

"खाण्याजोगं आहे का?"

"आहे."

"मग ते आपण खावं, अशी विभागाची नम्र विनंती आहे."

एवढ्या मोठ्या नगरपालिकेचा निर्णय तो. साहेबांनी मान तुकवली. त्या दिवशी त्यांनी त्या पाण्यात भात शिजवला. भात चवीला बरा होता, पण रंग बघून डोळे मिटून खावा लागला. दुसऱ्या दिवशी दुसरा डबा, दुसरा वाडगा. तिसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये पातेलंभर पाणी जमलं, आणि साहेबांच्या लक्षात आलं की हे प्रकरण भातानं आटोपणारं नाही.

मग टीव्ही पुन्हा धावून आला. दुपारच्या कार्यक्रमात एक बाई सांगत होती की टोमॅटोचा रस त्वचेला फार चांगला. थंडीत आपण टबात लिंबं सोडतो, संत्र्याच्या साली सोडतो, मग टोमॅटोनं काय घोडं मारलंय? साहेबांनी अंग घासून घेतलं, पातेलं टबात रिकामं केलं, आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसले. वास सूपचा येत होता. आपण आत शिजतोय असं त्यांना दोनदा वाटून गेलं. पण बाहेर आले ते छाती फुगवून. पातेलंभर पाणी एका झटक्यात सत्कारणी!

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण फुमिएबाईंचा संसार निगुतीनं चालवायचा तर टबातलं पाणी वाया कसं घालवायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी नळी टबात सोडली, दुसरं टोक वॉशिंग मशीनमध्ये, आणि घरातले झाडून सगळे पांढरे कपडे आत टाकले. बनियन, लेंगे, टॉवेल, उशांचे अभ्रे. फुमिएबाई रोज करतात तेच, अगदी तसंच.

कपडे बाहेर आले ते नारिंगी. गडद नव्हे. एखाद्या आजारी संत्र्यासारखे. आता ओले कपडे घरात वाळत घालावेत तर कुबट वास येणार, म्हणून ते अंगणात, गल्लीच्या डोळ्यांदेखत, दांडीवर चढले. मोरिवाकीसाहेबांची नारिंगी अंतर्वस्त्रं फेब्रुवारीच्या वाऱ्यात ऐटीत डोलू लागली.

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या कुसाकाबाईंचं डोकं वर आलं. कुसाकाबाई म्हणजे या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. त्यांना कळलं की सगळ्यांना कळलं.

"अगोबाई! मोरिवाकीसान, काय प्रसन्न रंग आहे हो! घरीच रंगवले?"

आता खरं सांगावं तर अब्रू गेली. "टोमॅटोचं पाणी," साहेब गंभीरपणे म्हणाले. "त्वचेला चांगलं असतं. त्यात धुतलेले कपडे अंगाला... सुखावह वाटतात."

"अय्या, असं का? काय बाई एकेक सुचतं तुम्हाला! आम्हाला नाही हो असलं काही सुचत."

आता हे वाक्य कंपनीत एखाद्या गिऱ्हाईकानं म्हटलं असतं, तर साहेबांनी तात्काळ ओळखलं असतं की सौदा फिसकटला. 'तुमचा माल फारच वेगळा आहे' म्हणणाऱ्यांना त्यांनी हसतमुखानं दारापर्यंत पोचवलं होतं. पण गल्लीतलं बोलणं-चालणं, देणं-घेणं हा सगळा फुमिएबाईंचा प्रांत. तिथं साहेब म्हणजे अगदीच कच्चं मडकं. कौतुक ऐकलं की ते खरं मानायचे. ते आत गेले आणि नुकत्याच निथळलेल्या टोमॅटोच्या पाण्यानं एक प्लास्टिकचा डबा काठोकाठ भरून भिंतीवरून पुढे केला.

"छे छे, कशाला उगाच!" कुसाकाबाई म्हणाल्या.

"घ्या हो, घ्या."

"नको, खरंच नको."

"फार नाही, थोडंच आहे."

तीनदा नको म्हणून झाल्यावर घ्यावंच लागतं. कुसाकाबाईंनी घेतलं.

रिकामा डबा परत करायचा नसतो. कुणाच्याच घरात नसतो. तेव्हा संध्याकाळी साहेबांचा डबा परत आला तो आत उकडलेली अळकुडी घेऊन. वर कुसाकाबाईंचे शब्द, "इतकं छान होतं तुमचं पाणी, आमच्याकडे एक थेंब उरला नाही हो!" थेंब उरला नाही याचा अर्थ साहेबांनी आपल्या सोयीनं घेतला. अळकुडी मात्र खरंच सुरेख होती. एकट्या माणसानं एवढी सुरेख अळकुडी खायची आणि डबा रिकामा परत द्यायचा? शक्यच नाही. त्यात काय घालायचं? कुसाकाबाईंना काय आवडतं, ते तर त्यांनीच सांगितलं होतं.

मग सुरू झालं. पाणी गेलं, लोणचं आलं. पाणी गेलं, चिकट तांदूळ कुटून घरी केलेल्या मोची वड्या आल्या. पाणी गेलं, कुसाकांच्या मुलानं गावाहून आणलेल्या सफरचंदांची अर्धी पेटी आली. साहेबांना आपल्या नव्या धंद्याचा अभिमान वाटू लागला. पण एक बारीकशी अडचण होती. पाणी हवं तर डबा फोडायला हवा, आणि डबा फोडला की आतून टोमॅटो निघतो. आधी टोमॅटोपायी पाणी उरत होतं, आता पाण्यापायी टोमॅटो उरायला लागले. नाकापेक्षा मोती जड! रस्सा झाला, सूप झालं, शेवयांवर झाले, मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, घालून झाले (ते कुणी करू नये). हिरुकावाचं खोकं संपलं तेव्हा साहेब सुपरमार्केटमधून आणखी डबे घेऊन आले. फक्त पाण्यासाठी. ज्या पाण्याला नगरपालिकेनं कचराही म्हटलं नव्हतं, त्यासाठी.

धातूच्या वारी साहेबांनी डबे घासूनपुसून, पारदर्शक पिशवीत भरून, कोपऱ्यावरच्या जागी नेऊन ठेवले. कचऱ्याची गाडी आली आणि गेली. पिशवी तिथंच. थोड्या वेळानं ती दारात परत आली, आणि तिच्यावर 'उचलणार नाही' अशी लाल पट्टी चिकटवलेली होती. पिशवीच्या मागे ओगावारासान उभे होते. यंदा गल्लीच्या कचऱ्यावर देखरेख ठेवायची पाळी त्यांची. वय ऐंशीच्या पुढे, कान मंद, पण कचऱ्याच्या बाबतीत नजर घारीची.

"मोरिवाकीसान, खानावळ काढलीत का?"

"छे हो! कसली खानावळ?"

"काढली असेल तर आनंदच आहे. या वयात उमेद लागते. पण खानावळीचा कचरा या जागी चालत नाही. तो धंद्याचा कचरा."

"ओगावारासान, हे घरचं खाणं आहे. मी एकटा खातो."

ओगावारासाननी पिशवीकडे पाहिलं. मग साहेबांच्या पोटाकडे पाहिलं. या दोन्हींचं गणित त्यांना जुळेना.

"वहिनी कधी येतायत?" ते म्हणाले. "त्या आल्या की विचारतो त्यांना."

साहेबांच्या पायाखालची वाळू सरकली. वहिनींना? वहिनींना कळलं तर सगळंच मुसळ केरात. साहेबांनी ओगावारासानना आत बोलावलं, चहा पाजला, आणि जाताना त्यांच्या हातात रस्सा भरलेलं मोठं पातेलं ठेवलं. याला लाच म्हणत नाहीत, याला शेजारधर्म म्हणतात. ओगावारासाननी तीनदा नको म्हटलं आणि पातेलं नेलं. पिशवीवरची पट्टीही त्यांनी जाताना हळूच काढून घेतली.

पातेलं परत आलं ते ओगावाराबाईंच्या हातून. आत लाल लाल, थरथरणारी खळ होती. समुद्रशेवाळ घालून जेलीसारखी जमवलेली.

"कुसाकासाननी टोमॅटोचं छान पाणी दिलं होतं," ओगावाराबाई म्हणाल्या. "म्हटलं, आमच्या दोघांच्यानं संपणार नाही, तर तुमच्यासाठी गोड करून आणावं. घ्या ना, खाऊन बघा."

म्हणजे साहेबांचंच पाणी. कुसाकांकडून ओगावारांकडे, तिथून साखर खाऊन पुन्हा मोरिवाकींच्या दारात. ओगावाराबाई समोरच उभ्या. साहेबांनी एक चमचा तोंडात घातला. थंड, गोड, आणि मधूनच खारट. घशाखाली उतरायला ते तयारच नव्हतं.

"वा!" साहेब म्हणाले. "फारच छान. अशी चव कधी चाखली नाही."

"अय्या, आवडलं? मग उद्या आणखी आणते!"

दार लावून साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. 'फारच छान' म्हणताना आपल्या मनात काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग कुसाकाबाई 'फारच छान' म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? 'थेंब उरला नाही' म्हणजे कुठं उरला नाही? साहेबांचे कान गरम झाले. अख्ख्या आयुष्यात कुणी त्यांना असं फसवलं नव्हतं. आणि तेही इतक्या प्रेमानं, अळकुडी देऊन.

पण आता माघार घ्यायला वेळ कुठं होता? दुसऱ्या दिवशी फुमिएबाई येणार होत्या. साहेबांनी घरावर हात फिरवला. फ्रीजमध्ये मावेनात ते टोमॅटो मोठ्या हंड्यात गेले, हंड्यातून उरले ते भाताच्या कुकरमध्ये, उरले ते गरम पाण्याच्या थर्मासमध्ये, आणि हे सगळं गाद्यांच्या कपाटात, रजयांच्या मागे. वास जायला स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी टाकली. नारिंगी बनियन तेवढी अंगात होती, कारण पांढरी एकही उरली नव्हती. वरून स्वेटर चढवला की कुणाला दिसणार आहे?

फुमिएबाई आल्या. बॅग ठेवली, आणि मात्सुमोतोच्या मिठाईचे खोके घेऊन आधी शेजाऱ्यांना द्यायला निघाल्या, तर शेजारीच दाराशी आले. साहेब आत बसून कान टवकारून ऐकत होते.

"वहिनी, तुमचे मिस्टर म्हणजे सोनं हो!" कुसाकाबाई सांगत होत्या. "एकट्यानं सगळं केलं. कपडे धुतले, रोज काहीतरी चवीचं करायचे, आम्हाला आठवणीनं द्यायचे. आमच्याकडे बघा, ह्यांना नळ नीट बंद करता येत नाही."

"शिस्तीचा माणूस," ओगावारासान मोठ्यानं म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नाही. "डबे अगदी घासून ठेवतात. तुम्ही निर्धास्त जा ताईकडे. आम्ही आहोत."

"हो ना, खुशाल जा. काही म्हणजे काही काळजी करू नका!"

पास. पहिल्या वर्गात पास. अख्ख्या गल्लीनं शिक्का मारून दिलेला पास. साहेब याच क्षणासाठी आठवडाभर झुरले होते. मग आनंद का होईना? त्यांना त्या पहिल्या संध्याकाळचा चहा आठवला, आणि तसल्या चहाचं अख्खं अर्धं वर्ष डोळ्यांसमोर उभं राहिलं. अरे देवा, हे आपण काय करून बसलो!

फुमिएबाई आत आल्या. हुश्श करून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "निभलं म्हणायचं तुमचं. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला." आणि त्यांनी फोन उचलला. "ताईला कळवते."

"थांब!"

साहेब इतक्या जोरात ओरडले की फुमिएबाईंच्या हातून फोन सुटला.

"आधी कपाट उघड."

"कुठलं कपाट?"

"गाद्यांचं."

फुमिएबाईंनी दार सरकवलं, रजया बाजूला केल्या.

"हे काय आहे?"

"टोमॅटो."

"आणि कुकरमध्ये?"

"तेही टोमॅटो."

"अहो, थर्मासमध्ये तरी काय?"

"त्यात मिसो घातलेले टोमॅटो आहेत. ते उघडू नकोस."

मग साहेब उठले, आणि खरेदी खात्याच्या माजी प्रमुखांनी आपला स्वेटर गळ्यापर्यंत वर ओढून उभं राहून दाखवलं. आत नारिंगी बनियन, आजारी संत्र्याच्या रंगाची. आणि त्याच अवस्थेत ते सगळं बोलून गेले. नगरपालिका, टब, वॉशिंग मशीन, कुसाकाबाईंची अळकुडी, लाल पट्टी, ओगावारासानना दिलेलं पातेलं, ती खळ. एकही गोष्ट झाकून ठेवली नाही.

"ते लोक सगळं खोटं बोलतायत," ते म्हणाले. "मला काही निभत नाही. मला चहासुद्धा निभत नाही. संध्याकाळी मी हाक मारतो, आणि घरात कुणी नसतं. तू जाऊ नकोस."

फुमिएबाईंनी खाली पडलेला फोन उचलून ठेवला. मग म्हणाल्या, "तो स्वेटर आधी खाली करा. सर्दी होईल."

साहेबांनी स्वेटर खाली केला.

"ताईला मी परवाच नाही म्हणून सांगितलंय."

"काय?"

"आठवडाभर तिनं मला पळीला हात लावू दिला नाही. 'तू बस, तुला नाही जमायचं.' मी कोबी चिरला तर माझ्यासमोर पुन्हा चिरला. अंथरूण घातलं तर उचलून पुन्हा घातलं. घास गिळवेना हो मला, इतका अपमान वाटला. आणि मग तुमची आठवण आली."

"माझी का?"

"मी तुम्हाला तेच म्हणते ना. बसा, तुम्हाला नाही जमायचं."

साहेबांना एकदम काहीतरी आठवलं आणि ते चिडले.

"अगं, मग आत्ता फोन कशाला उचललास? 'ताईला कळवते' म्हणालीस ना!"

"नीट पोचले म्हणून कळवायला."

"म्हणजे हे सगळं मी उगाच सांगितलं? ती बनियन..."

"बनियन दाखवायची तर मुळीच गरज नव्हती," फुमिएबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ हसू दाबून दाबून थरथरत होते. "पण ते शेवटचं पुन्हा एकदा म्हणा."

"कुठलं? मिसोचं?"

"त्याच्या पुढचं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणालात. मला नीट ऐकायचंय."

साहेबांनी छताकडे पाहिलं, मग थर्मासकडे पाहिलं. सुटका कुठंच दिसेना.

"जाऊ नकोस," ते पुटपुटले.

"जरा मोठ्यानं. खिडकी उघडी आहे, आणि कुसाकाबाई केव्हाच्या भिंतीला कान लावून उभ्या आहेत. त्यांना पुरतं ऐकू गेलं नसणार."

"जाऊ नकोस!" मोरिवाकीसाहेब ओरडले.

भिंतीपलीकडून तत्काळ, अत्यंत अदबीनं आवाज आला, "छे छे, वहिनी! मला काहीसुद्धा ऐकू आलेलं नाही हो!"